कापशाला येते ते फेफरेच का?

वाचकाचे पत्र: आमचा कापशा हा बारा वर्षांचा पामेरियन आहे. गेल्या दीड महिन्यात त्याला तीन वेळा फेफरे आले. पहिल्यांदा पहाटे, झोपेतच त्याचे अंग ताठ झाले, मग पाय सायकल मारल्यासारखे हलू लागले, तोंडाला फेस आला आणि लघवी झाली. नंतर तासभर तो भिंतींना धडकत फिरत होता, मलाही ओळखत नव्हता. दुसऱ्यांदा संध्याकाळी जावई आले तेव्हा तो भुंकत फाटकाकडे धावला आणि मध्येच गळून पडला. पण अर्ध्या मिनिटात उठून शेपूट हलवू लागला. तिसऱ्यांदा पुन्हा रात्री, पहिल्यासारखेच झाले. त्या वेळी जीभ आत जाऊ नये म्हणून यांनी त्याच्या तोंडात चमचा घालायचा प्रयत्न केला, तेव्हा बोटाला दात लागून रक्त आले. शेजारी म्हणतात, अंगाला लोखंड लावा, कांदा हुंगवा. माझ्या दिरांना फिटची गोळी चालू आहे, तीच अर्धी देऊ का? अलीकडे तो रात्री खोकतो, ते वयामुळे असेल. मला आता रात्री झोप लागत नाही. त्याचे हाल होत असतील तर त्याला सोडवावे का, तेही सांगावे. (एक निवृत्त शिक्षिका, सेलू, जि. परभणी)

ताई,

आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची ओळ कापशाविषयी नसून आपल्या यजमानांच्या बोटाविषयी आहे. ती वाचल्यावर सदर छापून येण्याची वाट पाहणे शक्य नव्हते, म्हणून पत्रावरील क्रमांकावर मी त्याच दिवशी फोन केला. इतरांच्या उपयोगासाठी तेच इथे पुन्हा लिहितो. घरच्या कुत्र्याचा असला तरी रक्त आलेला चावा हा चावाच असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा मिरची भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. कापशाची लस गेली दोन वर्षे राहून गेल्याचे आपण फोनवर सांगितलेत. झटके हे रेबीजचेही लक्षण असू शकते. मात्र त्या रोगाची लक्षणे दिसू लागली की कुत्रा साधारणपणे दहा दिवसांच्या आत दगावतो. कापशाला पहिला झटका येऊन दीड महिना उलटला आहे आणि एरवी तो खातो-पितो, माणसे ओळखतो, त्यामुळे ही शंका जवळजवळ मिटते. तरीही लसीच्या पुढच्या मात्रा घ्यायच्या की थांबवायच्या, हे दवाखान्यातील डॉक्टरांनी ठरवायचे आहे; आपण घरी बसून ठरवू नये.

आता कापशाकडे वळतो. 'तीन वेळा फेफरे आले' असे आपण लिहिले आहे. परंतु त्याखालचे वर्णन आपण इतके काटेकोर केले आहे, की मला त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. पहिली आणि तिसरी घटना खऱ्या झटक्यासारखी आहे. मेंदूतील विजेचा प्रवाह काही क्षण बेभान होतो, तेव्हा कुत्रा शुद्ध हरपून आडवा पडतो, आधी ताठरतो, मग पाय मारू लागतो, लाळ गळते, लघवी किंवा शी होते आणि मिनिटा-दोन मिनिटांत सारे थांबते. त्यानंतरचा काळ निदानासाठी अधिक बोलका असतो. मेंदू दमलेला असल्यामुळे कुत्रा बावचळतो, काही वेळ त्याला दिसत नाही, तो घरभर फेऱ्या मारतो किंवा एकदम भुकेजतो. हे काही मिनिटे टिकते, कधी दिवसभरही चालते. झटका झोपेत येणे आणि नंतर तासभर ओळख नसणे, या दोन गोष्टी मेंदूकडे बोट दाखवतात.

फाटकाजवळची घटना मात्र वेगळी आहे. तिथे कापशा आनंदाच्या भरात धावत होता, तो ताठरला नाही, तर गळून पडला, आणि उठल्यावर त्याला जावई लगेच ओळखू आले. धावपळीत किंवा उत्साहाच्या भरात असे पडणे आणि लगेच सावरणे ही बहुधा भोवळ असते, म्हणजे हृदयाकडून मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळू लागण्याचा आजार फार आढळतो. (आपल्याकडे ज्याला सर्रास पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो, पण या बाबतीत दोघांत फरक नाही.) हृदय मोठे होऊन श्वासनलिकेवर दाब येतो, कधी फुप्फुसात पाणी साठू लागते, आणि कुत्रा खोकू लागतो. म्हणूनच पत्राच्या शेवटी, वयाच्या खात्यावर टाकून आपण जो रात्रीचा खोकला नोंदवला आहे, तो मला साऱ्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द वाटतो.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी असाच एक पांढरा, झुपकेदार शेपटीचा म्हातारा कुत्रा माझ्याकडे आणला गेला. मालकाने 'फेफरे येते' असे सांगितले, मी ते तसेच कागदावर उतरवले आणि फिटची गोळी सुरू केली. दोन महिने तो कुत्रा गुंगीत राहिला आणि तरीही पडत राहिला. तिसऱ्या खेपेस आवार शांत होते, म्हणून मी त्याच्या छातीला नळी लावून निवांत ऐकले, तेव्हा प्रत्येक ठोक्याबरोबर झडपेतून रक्त मागे गळल्याचा फुसफुस आवाज इतका स्पष्ट आला की मला माझीच लाज वाटली. मालकाने सांगितलेला शब्द मी निदान म्हणून स्वीकारला होता.

अर्थात माझा हा अंदाज पत्रावरून केलेला आहे आणि तो चुकू शकतो. भोवळ येतानाही कधी पाय ताठरतात, लघवी होते. उलट काही झटके सौम्य असतात. याशिवाय म्हाताऱ्या कुत्र्यांत कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग अचानक बिघडतो, तेव्हा मान एका बाजूला कलते, बुबुळे लंबकासारखी हलत राहतात आणि कुत्रा पडत-झडत चालतो, मात्र शुद्धीवर असतो. पाहणाऱ्याला हा लकवा वाटतो, पण बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत उतार पडू लागतो. झोपेत पाय हलवून कुई-कुई करणारा कुत्रा तर केवळ स्वप्नात असतो, आणि हाक मारली की जागा होतो.

यातील नेमके काय घडते आहे, हे ठरवायला आपल्या मोबाइलमधले चित्रीकरण कोणत्याही तपासणीइतके उपयोगी पडेल. पुढच्या वेळी एकाने कापशाजवळ राहावे आणि दुसऱ्याने चित्रीकरण करावे. चेहरा, डोळे आणि चारही पाय दिसायला हवेत, आणि जमल्यास ओठ उचलल्याविना हिरड्यांचा रंग टिपावा. भोवळीत त्या पांढुरक्या किंवा निळसर दिसतात. झटका थांबल्यावरही चित्रीकरण बंद करू नये, पुढची पाच मिनिटे फार मोलाची असतात. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात वेळ, अंदाजे किती सेकंद, त्याआधी तो काय करत होता आणि सावरायला किती वेळ लागला, एवढे लिहावे. दुधाचा हिशेब आपण तिथेच मांडत असाल, त्याच्याच शेजारी हेही मांडावे.

झटका चालू असताना करायचे फार थोडे असते, आणि ते थोडेच करणे माणसाला कठीण जाते. प्रथम घड्याळ पाहावे. त्या वेळी प्रत्येक सेकंद मिनिटासारखा वाटतो, म्हणून अंदाजावर विसंबू नये. ओटा, पायऱ्या, हौद यांच्याजवळ तो असेल तर पाठीकडून धरून हळूच सरकवावा, डोक्याखाली गोधडीची घडी द्यावी, टीव्ही आणि मोठा दिवा बंद करावा आणि पंखा चालू ठेवावा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध यातले काहीही घालू नये. कुत्रा जीभ गिळत नाही. आपले बोट मात्र तो त्या बेशुद्धीत चावू शकतो, हे आपल्या घरी घडलेच आहे. लोखंड, कांदा आणि चप्पल यांविषयी एवढेच म्हणतो, की झटका मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप थांबणारच असतो, आणि त्या वेळी हातात जे असते त्याला श्रेय मिळते. चाव्यांचा जुडगा अंगाला लावल्याने अपाय नाही, पण तो शोधायला जो जातो त्याने त्याऐवजी घड्याळ पाहिलेले बरे.

पाच मिनिटे उलटूनही झटका थांबला नाही, किंवा चोवीस तासांत दुसरा झटका आला, तर मात्र रात्र असो की सण असो, त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. लांबलेल्या झटक्यात अंगातील उष्णता वाढत जाते, आणि सेलूच्या मे महिन्यात, जेव्हा खोलीच चाळीस अंशांवर असते, तेव्हा ती फार झपाट्याने वाढते. नेताना पोटाला, काखांना आणि पंजांना साध्या पाण्याचे ओले फडके लावावे. बर्फाचे पाणी ओतू नये. नेहमीच्या डॉक्टरांना आताच विचारून ठेवा, की रात्री-अपरात्री गुदद्वारातून देण्याचे डायझेपाम हे झटका थांबवणारे औषध घरी ठेवायला ते देतील का आणि किती मात्रेत. तो शांत झाल्यावर नीट उभा राहीपर्यंत पाणी किंवा अन्न देऊ नये, आणि घरात दुसरे कुत्रे असेल तर तेवढा वेळ त्याला दूर ठेवावे.

तपासणीकडे येतो. कारण सापडत नाही असे आनुवंशिक वळणाचे फेफरे कुत्र्यांत साधारण सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होते. बाराव्या वर्षी पहिला झटका आला की त्यामागे काहीतरी असते असे धरून चालावे: यकृत किंवा मूत्रपिंड थकलेले असणे, रक्तातील साखर किंवा कॅल्शियम उतरणे, रक्तदाब वाढणे, मेंदूत गाठ किंवा रक्तपुरवठ्यातील अडथळा, किंवा एखादे विष. विषाविषयी मी फोनवर विचारले, कारण आपल्या भागात कपाशीवरची फवारणी, उंदरांचे औषध आणि जनावरांच्या गोचिडांसाठीचे द्रावण घरोघर असते आणि ते द्रावण कुत्र्यालाही 'थोडेसे' लावण्याची पद्धत आहे. आपल्याकडे यातले काही झालेले नाही, हे बरे झाले. तेव्हा रक्ताचे पूर्ण परीक्षण, यकृत, मूत्रपिंड, साखर, कॅल्शियम, लघवीची तपासणी, रक्तदाब, छातीचा एक्स-रे आणि शक्य असल्यास हृदयाची सोनोग्राफी, एवढे करून घ्यावे.

साखरेबाबत एक बारीक गोष्ट सांगतो, कारण लहान गावात ती हमखास चुकते. रक्त साध्या नळीत घेऊन दुपारच्या गाडीने मोठ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवले, की वाटेत रक्तपेशीच त्यातील साखर खातात आणि अहवालात ती उगाच कमी येते. मग नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो. साखरेसाठी करड्या झाकणाची वेगळी नळी मागावी, किंवा तिथल्या तिथे यंत्रावर साखर पाहून घ्यावी. मेंदूच्या एमआरआयसाठी मोठ्या शहरात जावे लागते, पूर्ण भूल द्यावी लागते आणि हृदय कमजोर असेल तर भुलेचा धोका वाढतो. रक्त आणि छाती यांचे निष्कर्ष हाती येण्याआधी त्याचा विचारही करू नये असे माझे मत आहे.

दिरांच्या गोळीचे आता सांगतो. ती देऊ नका, अर्धीही नाही आणि पावही नाही. माणसांना फिटसाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांचा कुत्र्याच्या शरीरातून इतक्या लवकर निचरा होतो की त्यांचा उपयोग होत नाही. फेनोबार्बिटोन दोघांनाही चालते, पण त्याचे प्रमाण कुत्र्याच्या वजनावर ठरते आणि ते सुरू करण्यापूर्वी यकृत कसे आहे हे कळायला हवे. काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असते. ते कुत्र्याची साखर धोकादायक उतरवते, म्हणजे झटक्यावरचे औषधच झटका आणू शकते. शिवाय फाटकाजवळची घटना भोवळ असेल, तर मेंदूची कोणतीही गोळी तिला थांबवणार नाही; तिला हृदयाचे औषध लागेल.

तपासणीत मेंदूचे झटकेच ठरले, तर सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आलेल्या कुत्र्याला सहसा औषध सुरू करतात, आणि कापशा त्या रेषेच्या पलीकडे गेलेला आहे. फेनोबार्बिटोन सुरू झाले तर पहिले दोन आठवडे तो झिंगल्यासारखा चालेल, पुष्कळ झोपेल, पाणी आणि भाकरी दोन्ही जास्त मागेल आणि रात्री लघवीसाठी उठवेल. याला घाबरून गोळी बंद करू नका. ती दर बारा तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते, आणि अचानक बंद केली तर झटके आधीपेक्षा जोराने उसळतात. दोन आठवड्यांनी रक्तातील औषधाची पातळी आणि दर सहा महिन्यांनी यकृत तपासावे लागते. लेवेटिरासिटाम हे दुसरे औषध यकृतावर भार टाकत नाही, मात्र दिवसातून तीनदा द्यावे लागते. घरी दोघेच असताना ते पेलेल का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. औषधाने झटके पूर्ण थांबतीलच असे नाही, ते विरळ आणि लहान व्हावेत एवढीच अपेक्षा असते.

तोवर गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा पट्टा घालावा, कारण खोकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याला ओढ बसू नये. पाहुणे येणार असतील तेव्हा त्याला आधीच आतल्या खोलीत न्यावे आणि ते बसल्यावर सोडावे. रात्री झोप येत नाही असे आपण लिहिता, तर त्या जागरणात एक काम देतो. कापशा गाढ झोपलेला असताना त्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर येते, ते मोजा. तीसच्या आत असेल तर काळजी नाही. सलग दोन-तीन रात्री तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवा, आणि चाळीसच्या वर गेले किंवा तो मान ताणून, कोपरे फाकवून श्वास घेऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. हाही आकडा दिनदर्शिकेत लिहावा. आपला पलंग त्याच्याजवळ नेण्याऐवजी त्याची गोधडी आपल्या खोलीत, जमिनीवर, कोपऱ्यापासून दूर आणावी. झटका आला तर आवाजाने आपण जाग्या व्हाल, आणि जागे राहण्याची गरज उरणार नाही.

त्याला सोडवावे का, या आपल्या प्रश्नाला मी टाळत नाही. पूर्ण झटक्यात कुत्रा बेशुद्ध असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला दिसतात तितके हाल त्याला त्या क्षणी जाणवत नाहीत. खरी भीती त्याला नंतरच्या बावचळलेपणात वाटते, आणि तेव्हा आपला ओळखीचा हलका आवाज त्याला उपयोगी पडतो. हा निर्णय झटक्याच्या रात्री कधीही घेऊ नये. झटक्यांच्या मधले दिवस कसे जातात हे पाहावे. दीड महिन्यात तीन घटना म्हणजे बेचाळीस-पंचेचाळीस दिवस तो जेवला, फाटकावर भुंकला आणि आपल्या मागे-मागे फिरला. कारण कळण्यापूर्वी आणि एकही औषध नीट करून पाहण्यापूर्वी त्याला सोडवणे मला मान्य नाही. मात्र औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके एकामागून एक येऊ लागले, मधल्या दिवसांतही तो खाईना, उठेना, घरच्यांना ओळखेना, किंवा प्रत्येक श्वासासाठी झगडू लागला, तर तेव्हा डॉक्टरांनी सुचवण्याची वाट न पाहता आपण स्वतः हा विषय काढावा, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये.

सेलूहून परभणी लांब नाही. तिथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दुष्काळाच्या साली, १९७२ मध्ये, ते सुरू झाले, आणि त्याच्या चिकित्सालयात लहान प्राणीही तपासले जातात. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी आणि जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी. सकाळी ऊन चढण्यापूर्वी निघा. छातीचा पट्टा, लसीची वही, दिनदर्शिकेचे ते पान आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाइल बरोबर असू द्या. रक्त उपाशीपोटी हवे असे सांगितले तर किती तास, ते स्पष्ट विचारा, कारण साखर उतरत असेल तर अशा कुत्र्याला रात्रभर आणि वर अर्धा दिवस उपाशी ठेवणे योग्य नाही. रक्त घेऊन झाल्याबरोबर त्याला भरवण्यासाठी घरून दूध-भाकरीचा डबा न्यावा.